‘सहज दिसतं’ म्हणणाऱ्यांचा धंदा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. म्हणाले, निवृत्त झालाय, आता सांगा की लोकांना आयुष्यभर काय केलं ते, पण जरा हलकंफुलकं येऊ दे. हलकंफुलकं मला जमणार नाही असं मी तिथंच सांगितलं. ते म्हणाले, बघा प्रयत्न करून. केला. सुरुवातीचं थोडं हलकं उतरलंय असं वाटतं. पुढचं फराळ झाल्यावर वाचा, आधी नको. चिवडा कडू लागायचा.

मी गणिताची प्राध्यापक होते. विभागाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. माझा विषय ‘क्वांटम ग्रुपांपासून निघणाऱ्या फॉन नॉयमन बीजगणितांची रचना’. एवढं एका दमात म्हणता येणारी या जिल्ह्यात मी एकटीच. हा अभिमान नाही, तक्रार आहे.

आम्ही शिवाजी पेठेतले. तिथं प्रत्येकाचं काम गल्लीला ठाऊक असतं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, थोरला भाऊ तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. माझं काम सांगायची वेळ आली की घरातले विषय बदलायचे. “शिकवती कुठंतरी,” यावर भागवायचे. दादानं एकदाच नीट विचारलं होतं, रोज उठून नेमकं काय करतीस म्हणून. म्हटलं, एखादी गोष्ट खरी आहे हे सिद्ध करते. सिद्ध झाली की? मग पुढची. तो म्हणाला, म्हणजे तुमची मॅच सुटतच न्हाय म्हणायची.

दारावरच्या पाटीत ‘क्वांटम’ हा शब्द असल्यामुळं गिऱ्हाईकही यायचं. एकदा एक गृहस्थ तांब्याची बाटली घेऊन आले. तिच्यात पाणी ठेवलं की ते क्वांटम होतं आणि गुडघे दुखायचे थांबतात, तसं मी लेखी द्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. मी त्यांना आमच्या क्वांटममध्ये पाणी नसतं असं सांगितलं. मग काय असतं, म्हणाले. मीही पेटले आणि फळ्यावर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला, बाटली पिशवीत घातली आणि उठता उठता म्हणाले, “म्हणजे मॅडम, तुमचं बी कोण घेत न्हाय म्हणा की.”

त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. समजलं नाही तर दोष माझा. शाळेत तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन सारखंच असतं. स्वयंपाकघरात तसं नसतं. पीठ आधी मळून मग भाजलं तर भाकरी होते, आधी भाजून मग मळलं तर लाडू. जिथं क्रमाला किंमत आहे अशा क्रियांचं एक मोठं, अनंत कुटुंब म्हणजे आमचं बीजगणित. ग्रुप म्हणजे फिरवण्यांचा जमाव: चौरंग चारी बाजूंनी फिरवला तरी चौरंगच दिसतो, त्या फिरवण्यांचा. आणि क्वांटम ग्रुप म्हणजे चौरंग काढून घेतलाय, फिरवणं तेवढं उरलंय, आणि ते मोजायला जावं तर मोजण्यातसुद्धा क्रमाला किंमत.

अशा प्रत्येक क्वांटम ग्रुपातून एक बीजगणित निघतं. त्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो कोल्हापूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही ओळखेल: याची वाटणी होते का? दोन भावांनी भिंत घालून घर वेगळं करावं, तसं ते दोन स्वतंत्र तुकड्यांत फुटतं का? ज्याची वाटणीच होऊ शकत नाही त्याला फॅक्टर म्हणतात. फॅक्टर निघाला की आम्हाला आनंद होतो. जमिनीच्या मोजणीला जाणाऱ्यांना होणार नाही इतका होतो.

आणखी एकच गोष्ट, मग गणित संपलं. प्रत्येक बीजगणिताला स्वतःचा तराजू असतो. काहींचा सरळ असतो, म्हणजे ‘आधी हे मग ते’ आणि ‘आधी ते मग हे’ यांचं वजन सारखंच भरतं. त्यांच्याबद्दल पुष्कळ काही ठाऊक झालंय. काहींच्या तराजूला पीळ असतो. तिथं क्रम बदलला की वजन बदलतं, आणि ते परत जुळवायचं तर एक वस्तू पीळ देऊन ठेवावी लागते. माझी सगळी नोकरी या पीळवाल्यांच्या दारात गेली.

या कामाला लागतं काय? फळा, खडू, चहा आणि हरायची सवय. महिनोन्महिने काही होत नाही. एखाद्या दिवशी झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना चूक आठवते. या सवयीची माणसं फार नसतात. मला आख्ख्या नोकरीत एकच मिळाला. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

त्याचं नाव बसवराज. गडहिंग्लजचा. घरात कानडी, दारात मराठी, बापाचा सुक्या मिरचीचा व्यापार. एम.एस्सी.ला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. हुशार पोरं मला फारशी आवडत नाहीत, ती पटकन हो म्हणतात. हा हो म्हणायचा नाही. मी फळ्यावर काहीतरी लिहिलं की सगळा वर्ग उतरवून घ्यायचा आणि हा नुसता बघत बसायचा. तास संपल्यावर दाराशी यायचा: “मॅडम, त्ये दुसऱ्या ओळीतनं तिसरी कशी आली?” पुष्कळदा सहज आलेली असायची. कधीकधी आलेलीच नसायची.

पुढं तो वारणानगरच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरते तुम्ही प्राध्यापक, सुट्टी लागली की कोणी नाही. लग्न झालेलं, एक मुलगी. दर शनिवारी एस.टी.नं माझ्याकडं यायचा आणि आम्ही पीएच.डी.चं काम करायचो. त्या कॉलेजात गणिताची एक कायम जागा निघणार अशी हवा होती, आणि पीएच.डी. असल्याशिवाय अर्जच करता येणार नव्हता. त्याचं सगळं त्या जागेवर होतं. माझाही स्वार्थ होता, लपवत नाही. मी निवृत्त झाले की या भागात हा विषय जाणणारं कोणी उरणार नव्हतं. बसवराज कायम झाला तर विषय इथं राहणार, नाहीतर माझ्याबरोबर संपणार.

त्याचा प्रश्न असा: पीळवाल्या क्वांटम ग्रुपांचं एक घराणं आहे, त्यातल्या प्रत्येकाचं बीजगणित फॅक्टर आहे का? सरळ तराजूवाल्यांचं उत्तर ठाऊक होतं, पीळवाल्यांचं नव्हतं. त्यानं ते सिद्ध केलं. कितीतरी शनिवार गेले, पण केलं. मी पन्नास वेळा वाचलं असेल. प्रबंध लिहून झाला, गेला, बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आले. दोन्ही चांगले. एकानं तर अशी चिकाटी हल्ली दिसत नाही असं लिहिलं होतं. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख ठरली. त्याच्या बायकोनं त्या दिवसासाठी साडीही घेऊन ठेवली होती, असं त्यानं लाजत सांगितलं.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. निबंध लिहिताना प्रत्येक पायरी लिहायची तर पुस्तक होईल. म्हणून मध्ये मध्ये लिहितात: ‘हे सहज दिसतं.’ वाचणाऱ्याला दिसलं तर उत्तम. नाही दिसलं तर त्याला आपणच मठ्ठ आहोत असं वाटतं आणि तो पुढं जातो. तो त्याच्या निबंधात लिहितो, ‘अमक्यांनी दाखवल्याप्रमाणे’. तिसरा त्याचा आधार घेतो. असं करत करत गोष्ट सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीच केलेली नसते.

मला या शब्दांचा फार राग. माझ्या खोलीत कोणी ‘सहज दिसतं’ म्हटलं की उठून फळ्यावर दाखवायचं, हा नियम होता. बसवराजच्या प्रबंधात ते शब्द एकदाही नव्हते. पण दुसऱ्यांच्या छापील निबंधांतून घेतलेल्या गोष्टी होत्या. त्या सगळेच घेतात. व्हायवाच्या तयारीसाठी मी त्याला म्हटलं, परीक्षक कुठूनही विचारील, तर या उसन्या गोष्टीसुद्धा एकेक करून फळ्यावर दाखव. झालं. माझ्याच हातानं.

तिसऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एक टीप होती, परदेशातल्या एका मोठ्या माणसाच्या निबंधातली. त्या बीजगणिताच्या आत एक लहान कोपरा असतो. सगळ्या बीजगणितातून चाळून तेवढा कोपरा बाजूला काढायचा, आणि वजनात फरक पडू द्यायचा नाही, अशी एक चाळणी आम्हाला लागते. सरळ तराजू असेल तर ती चाळणी नेहमी मिळते. पीळ असेल तर एका अटीवर मिळते: पीळ दिल्यावर तो कोपरा कोपऱ्यातच राहिला पाहिजे, बाहेर सांडता कामा नये. टीप एवढंच सांगत होती की या घराण्यात कोपरा बाहेर सांडत नाही, हे सहज दिसतं. सगळ्यात लहान उदाहरणात ते खरंच दिसतं. जगातल्या सगळ्यांनी तेवढंच बघितलं होतं.

शनिवारची सकाळ. बसवराजनं लहान उदाहरण पटकन केलं आणि त्याच्या पुढचं घेतलं. लिहीत गेला, थांबला, पुसलं, परत लिहिलं. मला वाटलं हिशेबात चिन्ह चुकलं असेल. मी काहीतरी वाचत बसले होते. बऱ्याच वेळानं तो पाठमोराच म्हणाला, “मॅडम, ह्ये बाहेर चाललंय.”

मी उठले. त्याच्या हातातला खडू घेतला आणि स्वतः केलं. बाहेर चाललं होतं. दुसऱ्या रीतीनं केलं, तरी बाहेर. मग आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून त्या फळ्याकडं बघत राहिलो. चाळणी नाही, तर तिसरं प्रकरण नाही. तिसरं प्रकरण नाही, तर प्रमेय नाही. प्रमेय खोटं होतं असं नाही, ते खरं की खोटं हेच आता कोणाला ठाऊक नव्हतं. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय आली.

शेवटी तो बोलला. “तुम्ही सांगशीला तसं करतो.”

हे वाक्य मी कितीदा ऐकलंय मनात. तो विचारत नव्हता, सोपवत होता. मी एका दमात सांगितलं, “चूक ठाऊक असताना व्हायवाला उभं राहायचं नाही, बसवराज. प्रबंध मागं घ्यायचा. दुरुस्त करू आणि परत देऊ.”

“बरं,” म्हणाला, आणि फळा पुसला.

विभागप्रमुख भला माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि समजावलं. टीप लिहिणाऱ्याला दिसलं न्हाय, छापणाऱ्याला दिसलं न्हाय, दोन-दोन परीक्षकांना दिसलं न्हाय, मग तुमच्याच डोळ्यांनी काय पाप केलंय? डिग्री होऊ दे पोराची, जागा मिळू दे, आणि मग करा की दुरुस्ती निवांत. मी त्यांना पेठेच्या भाषेत उत्तर दिलं, ते अंकात छापता येणार नाही. आज वाटतं, ते वाईट काही सांगत नव्हते. पण तेव्हा मी फार ताठ होते, आणि मला त्या ताठपणाचं कौतुक होतं.

गडहिंग्लजहून अप्पांचा, म्हणजे बसवराजच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी आयुष्यात मला तेव्हाच फोन केला. आवाज मऊ, मराठीला कानडी हेल. “मॅडम, पोराचं काय चुकलं काय?”

म्हटलं, चुकलं नाही अप्पा, उलट त्यानं फार बरोबर केलं. दुसऱ्याची चूक त्यानं शोधली.

“बरोबर केलंय तर मग पास का न्हाय?”

मी म्हणाले, वेळ लागेल, पण होईल. खोटं बोलले असं नाही, मला तसं वाटत होतं. फोन ठेवल्यावर मात्र मी बराच वेळ त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. गणितात इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. कोपरा लहान पडतोय, बाहेर सांडतोय, तर तो मोठा करावा, जेवढं सांडतं तेवढं आत घ्यावं. घेतलं. पण तो इतका मोठा झाला की चाळून हाती काही लागेना, सगळंच आत. चाळणीच नको म्हणून दुसरी वाट धरली, ती अर्ध्यावर बंद. एकदा मात्र झालं. अगदी झालं असं दोघांनाही वाटलं. बसवराज धावत जाऊन जिलेबी घेऊन आला, विभागात सगळ्यांना वाटली, प्रमुखांनाही. पुढच्या शनिवारी तो एस.टी.तून उतरून आला तेव्हाच मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याला चूक वाटेतच सापडली होती, आणि मला घरी भांडी घासताना. कागद काढलेच नाहीत त्या दिवशी.

मधल्या काळात ती कायम जागा निघाली. त्याला अर्ज करता आला नाही. दुसरे एक जण लागले. त्यांचा प्रबंध कशावर होता ते विचारू नका, त्यात तिसरं प्रकरण होतं एवढं नक्की. नवीन माणूस आला तसे बसवराजचे तास कमी झाले, मग उरलेच नाहीत. पोरीची शाळा बदलून तो घरी गडहिंग्लजला गेला आणि दुकानात बसू लागला. शनिवारी यायचा, मग एक शनिवार सोडून यायला लागला, मग मिरचीच्या हंगामात आला नाही. हंगाम संपल्यावरही आला नाही. फोन केला की म्हणायचा, बघतोय मॅडम, डोक्यात चालू हाय. चालू नव्हतं. मला कळत होतं आणि मी तसं म्हणत नव्हते. मग मी निवृत्त झाले, मार्गदर्शक म्हणून माझं नाव संपलं, दुसरं कोणी घेणारं नव्हतं, आणि त्याची नोंदणी मुदत संपून आपोआप रद्द झाली. कोणी वाईट वागलं नाही. सगळं नियमाप्रमाणं झालं.

गेल्या वर्षी बंगळूरला आमच्या विषयाचं एक संमेलन झालं. मला कोणीतरी आठवणीनं बोलावलं. ती टीप लिहिणारा मोठा माणूस तिथं आला होता. मी मनात त्याला राक्षस करून ठेवलं होतं. बघते तर वाकलेला, मिठ्ठास, स्वतःचा कप स्वतः धुवून ठेवणारा म्हातारा. चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. बरोबरच्या एका तरुण प्राध्यापकाच्या वहीचा कागद मागून घेतला आणि त्यावर बसवराजचा हिशेब मांडायला घेतला. दुसऱ्या ओळीलाच त्यानं मान डोलावली. हो हो, म्हणाला, ती टीप चुकीचीच आहे. आम्हाला ठाऊक आहे.

मी विचारलं, कधीपासून? त्यानं तरुण प्राध्यापकाकडं बघितलं, दोघांनी आठवलं. कुठल्याशा संमेलनात, अशाच चहाच्या वेळी, कोणीतरी लक्षात आणून दिलं होतं. त्यांनी सांगितलेलं साल बसवराजनं माझ्याकडं नाव नोंदवलं त्याच्या आधीचं होतं. मग छापलं का नाही? तो मनापासून गोंधळला. छापण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणाला, एक टीप तर होती. आणि जे या विषयात काम करतात त्या सगळ्यांना ठाऊकच आहे.

सगळ्यांना. त्या वेळी त्या टेबलाभोवती जेवढे उभे होते, त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकेकाला विचारलं, वेडी झाल्यासारखं. चूक छापली होती म्हणून ती कोल्हापूरला पोचली. दुरुस्ती चहाच्या टेबलावर फिरत राहिली, आणि ते टेबल वर्षाला एकदा पॅरिसला लागतं, कधी टोकियोला, एखाद्या वेळी बंगळूरला. बसवराज त्या टेबलापाशी कधी गेला नाही. मीही फार तर दोन-चारदा गेले असेन, आणि तेव्हा कोपऱ्यात उभी राहून बिस्किट खाल्लं असेल. म्हाताऱ्यानं माझा हात हातात घेऊन फार वाईट वाटतं म्हटलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. प्रमेय दुरुस्त होईल का, हेही मी विचारलं. त्यानं डोकं हलवलं. पुष्कळांनी बघितलंय, म्हणाला, मार्ग दिसत नाही.

परत येताना मी गडहिंग्लजला उतरले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुकान बाजारपेठेतच आहे. दाराशी संकेश्वरी मिरचीची पोती, आत ब्याडगीचे ढीग, गेल्या गेल्या मला ठसका लागला. अप्पांनी गादीवरून उठून नमस्कार केला, मला बसवलं आणि आत कानडीत हाक मारली. बसवराजची आई, अव्वा, पाणी घेऊन आली आणि माझ्या हाताला धरून नुसतीच उभी राहिली. बसवराज जाड झालाय. डोळे मिरचीनं लाल. मला बघून त्याला आनंद झाला, तो काही नाटक करणारा माणूस नाही.

मी सगळं सांगितलं. तो तराजूत मिरची घालत ऐकत होता. गिऱ्हाईक आलं की मी थांबायची, गेलं की परत सुरू. सांगून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, मी नाव नोंदवायच्या आधीपासनं ठाऊक हुतं? म्हटलं, हो. त्यानं काटा सरळ व्हायची वाट बघितली, पुडी बांधली.

मग मी ज्यासाठी आले होते ते काढलं. आपण दोघांनी मिळून एक छोटा निबंध छापू. दोनच पानं: ही टीप चूक आहे, हे उदाहरण. तुझं नाव पहिलं. म्हणजे पुढं कोणी यात पडणार नाही, आणि हे तू शोधलंस हे राहील.

“नगं मॅडम,” तो म्हणाला. “माझं नाव एकदाच छापून येणार, आणि त्ये बी चुकीखाली. उद्या पोरगी मोठी होऊन मोबाईलवर बापाचं नाव टाकंल, तर तिला दुसरं काय न्हाय दिसायचं. नगं घालू.”

मी आग्रह केला. चूक तुझी नाही, तू ती पकडलीस, असं दहा प्रकारे सांगितलं. तो हसला आणि मान हलवत राहिला. मग मला राहवेना. इतकी वर्षं गिळलेलं मी विचारून टाकलं. म्हटलं, “बसवराज, त्या दिवशी मी तुला गप्प राहा म्हणाले असते, व्हायवा दे म्हणाले असते, तर बरं झालं असतं का रे?”

अप्पांनी मान वर केली. बसवराजनं जरासा विचार केला. वर्गात करायचा तसाच.

“व्हय,” म्हणाला. “बरं झालं असतं. समदी गप्पच बसली हुती की. आपण बी बसलो असतो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ‘नाही मॅडम, तुम्ही केलं तेच खरं’, एवढं एक वाक्य ऐकायला मी तिथपर्यंत गेले होते, हे मला त्याचं उत्तर ऐकल्यावर समजलं. अव्वानं चहा आणला. मी प्याले. बसवराज मला स्टँडवर सोडायला आला, खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला.

तो निबंध मी छापलेला नाही. शोध त्याचा आहे, त्याचं नाव न घालता माझ्या नावावर छापणं म्हणजे चोरी, आणि नाव घालायला तो नको म्हणतो. म्हणजे आता मीही ठाऊक असून न लिहिणाऱ्यांतलीच एक झाले.

या महिन्यात सवयीनं नवीन निबंध चाळत होते. पोलंडमधल्या एका मुलीचा निबंध दिसला, प्रबंधातलाच भाग असावा. त्याच घराण्याबद्दल आहे. बारकाईनं, मेहनतीनं लिहिलाय, घाई कुठंही नाही. आणि मधोमध, ज्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे तिथं, तिनं त्या टिपेचा आधार घेतलाय. तिला कोणी सांगितलेलं नाही. निबंधाच्या खाली तिचा ई-मेलचा पत्ता आहे. पूर्वीची मी असते तर त्याच दिवशी लिहिलं असतं. आता रोज तो निबंध उघडते, पत्ता वाचते, दोन ओळी लिहिते आणि पुसते. तिची व्हायवा झाली आहे की व्हायची आहे, तेवढं तरी कळायला हवं होतं.